फिंगरपासून ‘लास्ट सीन’पर्यंत: आपली माहिती दाखवणाऱ्याच्या हातात चावी किती मोठी?

नेरळ स्टेशनवर लोकलची वाट बघताय. मित्राचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तर नावाखाली बारीक अक्षरांत ‘लास्ट सीन सकाळी ६:१२’. म्हणजे पठ्ठ्या उठलाय, फोन बघून झालाय, फक्त आपल्याला रिप्लाय दिलेला नाही!

ही एवढीशी ओळ आपण रोज बघतो, पण तिच्यामागचा प्रश्न ५० वर्षांहून जुना आहे. एका माणसाची माहिती दुसऱ्याला दाखवायची असेल, तर ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला किती अधिकार द्यायचे? आणि ज्याची माहिती आहे, त्याने आपलं घर किती उघडं ठेवायचं?

स्मार्टफोन यायच्या खूप आधी हा पेच युनिक्स नावाच्या सिस्टिमवर पडला होता. तिथे निघालेली उत्तरं आजही तुमच्या फोनच्या आत काम करतायत. त्यामुळे ‘हे अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स का मागतंय?’ हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल, तर थोडं मागे जाऊया.

## एक मशीन, शेकडो बिऱ्हाडं

आज प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा कॉम्प्युटर आहे. पूर्वी उलट होतं. एकच मोठं मशीन असायचं आणि त्यावर शेकडो लोकांची खाती. तुम्ही टर्मिनलवर बसायचं, लॉगिन करायचं आणि त्या मशीनवरच्या आपल्या छोट्याशा कोपऱ्यात काम करायचं.

हे काही फक्त अमेरिकेतलं नाही. भारतात विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा ज्यांना स्वस्तातलं कनेक्शन हवं असायचं, त्यात विद्यार्थीही आले, त्यांना ‘शेल अकाउंट’ मिळायचं. मॉडेमवरून फोन लावायचा, पलीकडच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं बघायची. फोटो नाही, व्हिडिओ नाही. मुंबईकरांच्या ईमेल पत्त्यात तेव्हा ‘जीआयएएसबीएम०१’ असं लांबलचक नाव दिसायचं आणि पुणेकरांच्या पत्त्यात ‘जीआयएएसपीएन०१’. ही त्या सर्व्हरची नावं होती. त्यातला ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे आणि ‘पीएन’ म्हणजे पुणे.

म्हणजे एकमेकांना अजिबात न ओळखणारे लोक एकाच छपराखाली राहत होते. चाळीसारखंच म्हणा ना. प्रत्येकाची खोली वेगळी, पण जिना, गॅलरी, नळ सगळं सामायिक. मग चाळीतले प्रश्नही आलेच. कोण घरी आहे? कोण कधी परत येणार? आणि शेजाऱ्याला यातलं किती कळावं?

## फिंगर: व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीचं ‘लास्ट सीन’

१९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मशीनवर कोण कोण आहे याची यादी तेव्हाही मिळायची, पण तिच्यात नुसती आखूड नावं आणि आकडे असायचे. लोक यादीवरून बोट फिरवत आपला माणूस शोधायचे. म्हणून प्रोग्रॅमचं नाव पडलं फिंगर!

फिंगर लिहून पुढे कोणाचंही लॉगिन नाव टाकलं की पूर्ण नाव, तो आत्ता लॉगिन आहे का, शेवटचं लॉगिन कधी केलं, मेल वाचला का, असं सगळं समोर यायचं. शिवाय त्या माणसाने आपल्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट-प्लॅन’ नावाची फाइल ठेवली असेल, तर तिच्यातला मजकूरही दिसायचा. ‘सोमवारपर्यंत गावाला आहे’ असं काहीही त्यात लिहून ठेवता यायचं. आजचं व्हॉट्सअ‍ॅपचं ‘अबाउट’ आणि ‘स्टेटस’ म्हणजे हेच की!

१९७७ मध्ये फिंगरचे नियम लिखित स्वरूपात आले आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरच्या माणसाची चौकशी करता येऊ लागली. १९९० च्या दशकात तर ‘डूम’ आणि ‘क्वेक’ या गेम्सचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक आपल्या डॉट-प्लॅन फाइलमध्ये कामाच्या नोंदी ठेवायचे आणि जगभरातले गेमर त्या वाचायचे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पेच पुढे आहे.

## नऊ अक्षरं आणि दस्तुरी नाका

पेच कळण्यासाठी युनिक्समधल्या फाइल परवानग्या माहीत हव्यात. घाबरू नका, सोप्या आहेत.

प्रत्येक फाइलसाठी तीन प्रकारचे लोक असतात: मालक, मालकाचा गट आणि बाकी सगळे. प्रत्येकाला तीन परवानग्या देता येतात: वाचणं (आर), लिहिणं (डब्ल्यू) आणि चालवणं (एक्स). तीन गुणिले तीन, झाली नऊ अक्षरं.

ही लांबलचक अक्षरं लिहायला नको म्हणून आकडे वापरतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो आणि बाकीचे फक्त वाचू शकतात. ६०० म्हणजे मालकाशिवाय कोणालाच काही दिसणार नाही.

फोल्डरच्या बाबतीत मात्र ‘एक्स’चा अर्थ वेगळा होतो. तिथे तो ‘आतून पुढे जाण्याची’ परवानगी असतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नेरळहून माथेरानला गाडीने निघालात, तर गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढच्या एखाद्या हॉटेलने तुमच्यासाठी दार सताड उघडं ठेवलेलं असलं, तरी नाक्यावर तुम्हाला आत सोडलंच नाही तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय? युनिक्समध्ये फोल्डरचा ‘एक्स’ म्हणजे हा नाका. फाइल कितीही उघडी असो, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ नसेल तर तिच्यापर्यंत पोचताच येत नाही.

त्यामुळे होम फोल्डरचे तीन नेहमीचे प्रकार पडतात.

७०० म्हणजे मालकाशिवाय कोणीच आत येऊ शकत नाही.

७५५ म्हणजे बाकीचे आत येऊ शकतात आणि कोणत्या फाइल आहेत ती यादीही बघू शकतात.

७११ हा मधला प्रकार. बाकीच्यांना यादी दिसत नाही, पण फाइलचं नाव आधीच माहीत असेल तर तिथपर्यंत जाता येतं.

आणि या सगळ्यांच्या वर एक असतो ‘रूट’. तो मशीनचा मालक. त्याच्यासाठी ही नऊ अक्षरं असून नसल्यासारखी. कुठलीही फाइल तो वाचू शकतो.

## मास्टर चावी की उघडं दार?

आता बघा. बाहेरच्या कोणीतरी तुमच्याबद्दल फिंगरला विचारलं. तुमची डॉट-प्लॅन फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. फिंगरने ती वाचायची कशी? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: फिंगरला रूटचे अधिकार द्या. मग तुमचं घर ७०० असलं तरी फिंगर आत जाऊन फाइल वाचेल. तुम्हाला काहीच उघडं ठेवायला नको. वाटतं बरं, पण यात एक जुनी युक्ती लपली आहे. युनिक्समध्ये एखादं नाव दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखवू शकतं. याला ‘सिम्बॉलिक लिंक’ म्हणतात. समजा मी माझ्या डॉट-प्लॅनचं बोट तुमच्या खासगी मेलकडे वळवलं आणि मग स्वतःलाच फिंगर केलं. मला तुमचा मेल वाचायची परवानगी नाही, पण रूट म्हणून चालणाऱ्या फिंगरला आहे! तो निमूटपणे तुमचा मेल उघडतो आणि माझ्या स्क्रीनवर छापतो. फिंगरला कोणी फोडलं नाही. त्याने नेमून दिलेलं कामच केलं. फक्त ज्याच्या हातात मास्टर चावी होती, त्याला ‘कोणाची खोली उघडतोय’ हे तपासायचं भान नव्हतं.

दुसरा रस्ता: फिंगरला अगदी दुबळा करा. युनिक्सवर ‘नोबडी’ नावाचं एक खातं असतं. नावाप्रमाणेच कोणी नाही, काही अधिकार नाही. फिंगर या नोबडीच्या नावाने चालवा. आता लिंकची युक्ती फसते, कारण नोबडीलाही तुमचा मेल वाचता येत नाही. पण त्याला माझी डॉट-प्लॅनही वाचता येत नाही! वाचता यावी म्हणून ती फाइल ६४४ करावी लागते आणि होम फोल्डर निदान ७११. म्हणजे एक फाइल दाखवण्यासाठी माझ्या घराचा नाका मी सगळ्यांसाठी उघडला. बऱ्याच सिस्टिमवर नवी फाइल तयार होते तीच मुळात ६४४. मग घरात ज्या ज्या फाइलचं नाव कोणी अंदाजाने ओळखेल, ती ती त्याला वाचता येईल.

सगळा व्यवहार हा असा आहे. दाखवणाऱ्याला मोठी चावी द्या, नाहीतर स्वतःचं दार किलकिलं ठेवा. पहिल्यात एका प्रोग्रॅमच्या चुकीने सगळ्यांचं नुकसान होऊ शकतं. दुसऱ्यात प्रत्येकाने स्वतःच्या प्रत्येक फाइलची काळजी घ्यायची आणि ती रोज घ्यायची.

डिसेंबर १९९१ मध्ये फिंगरच्या नियमांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात सिस्टिम सांभाळणाऱ्यांना याचा स्पष्ट इशारा आहे. युजरला हवी तशी बदलता येणारी फाइल तुम्ही बाहेर दाखवणार असाल, तर तुमच्या सिस्टिमवरची कुठलीही माहिती बाहेर जाऊ शकते असं समजूनच चाला, असा त्याचा मथितार्थ.

तिसरा रस्ताही आहे. गावाकडच्या घराला ओसरी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे बसावं, माजघरात जायची गरज नाही. तसं सगळ्यांना दाखवायची माहिती होम फोल्डरच्या बाहेर, एका वेगळ्या जागी ठेवायची. मग फिंगर दुबळा राहिला तरी चालतो आणि तुमचं घर ७०० राहिलं तरी चालतं. फक्त कोणीतरी ती ओसरी बांधायला हवी आणि तिथे काय ठेवायचं हे तुम्ही स्वतः ठरवायला हवं. जास्तीचं काम आहे, म्हणून अनेकदा ते टाळलं गेलं.

हा प्रश्न जुना झाला असंही नाही. लोकप्रिय लिनक्स सिस्टिम उबुंटूमध्ये होम फोल्डर वर्षानुवर्षं ७५५ असायचं. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ आवृत्तीत नव्या खात्यांसाठी ते ७५० झालं, म्हणजे बाहेरच्यांना दार बंद.

## सगळ्यांना वाचता येणारी पासवर्ड फाइल

याहून मोठा धडा युनिक्सच्या पासवर्ड फाइलने दिला. ‘इटीसी’ फोल्डरमधल्या या फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते: लॉगिन नाव, क्रमांक, पूर्ण नाव, होम फोल्डर वगैरे. पूर्वी याच ओळीत पासवर्डही असायचा. सरळ नाही, गणिती प्रक्रियेने ओळखू न येणारा केलेला, ज्याला ‘हॅश’ म्हणतात.

गंमत म्हणजे ही फाइल सगळ्यांना वाचता यायची, कारण गरजच तशी होती. फाइलच्या मालकाची नोंद युनिक्स क्रमांकाने ठेवतं, पण फाइलची यादी बघताना आपल्याला नाव दिसायला हवं. क्रमांकावरून नाव शोधायचं तर ही फाइल वाचावी लागते. ती बंद केली असती, तर साधी यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही खास अधिकार द्यावे लागले असते. तेव्हाचा विचार असा होता की हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही, मग दिसला तर बिघडलं कुठे?

बिघडलं असं. उलटं काढता येत नसलं, तरी अंदाज करून पडताळता येतं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर एक निबंध लिहिला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एकतर फार छोटे होते किंवा डिक्शनरीत, नावांच्या यादीत सापडणारे होते. कॉम्प्युटर वेगवान होत गेले तसे हे अंदाज बांधणं आणखी सोपं झालं.

उपाय निघाला तो ‘शॅडो’ फाइलचा. नाव, क्रमांक वगैरे सगळ्यांना दिसणाऱ्या जुन्या फाइलमध्येच ठेवायचं आणि हॅश तेवढा काढून फक्त रूटला वाचता येणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये न्यायचा. ओसरी आणि माजघर वेगळं केलं म्हणा.

पण फुकट काही मिळत नाही. हॅश बंद झाल्यावर पासवर्ड तपासणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला जास्त अधिकार लागू लागले. साधा स्क्रीन लॉक घ्या. स्क्रीन उघडताना पासवर्ड बरोबर आहे का हे बघायचं तर शॅडो फाइल वाचायला हवी. म्हणून भल्यामोठ्या स्क्रीन लॉक प्रोग्रॅमला रूटचे अधिकार द्यायचे? त्यात एखादी चूक असली तर?

यावरचा तोडगा छान आहे. लिनक्सवर एक छोटासा मदतनीस प्रोग्रॅम असतो. शॅडो वाचायचा अधिकार फक्त त्याला. स्क्रीन लॉक त्याला पासवर्ड देतो आणि तो ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगतो. तेही ज्याने विचारलं त्याच्याच खात्याबद्दल. फाइल कोणाच्या हातात देत नाही. मोठ्या प्रोग्रॅमला मोठी चावी देण्याऐवजी छोट्या प्रोग्रॅमला एका कपाटापुरती चावी दिली. हा मदतनीस लक्षात ठेवा, फोनमध्ये तो परत भेटणार आहे.

## दुसऱ्याची चावी उसनी घेणं

पासवर्ड फाइलमध्ये लिहू शकतो फक्त रूट. पण त्यात तुमचं पूर्ण नाव आहे आणि ते तुम्हाला बदलायचं असलं तर? प्रत्येक वेळी अ‍ॅडमिनकडे जायचं का?

युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी यासाठी ‘सेटयूआयडी’ ही सोय शोधली. १९७३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. कल्पना अशी: एखाद्या प्रोग्रॅमवर ही खूण लावली की तो चालवणाऱ्याच्या नाही, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. नाव बदलणारा प्रोग्रॅम चालवलात तुम्ही, पण तेवढ्या वेळापुरता त्याच्या हातात रूटची चावी.

अशा प्रोग्रॅमने डोळ्यांत तेल घालून वागायला हवं. पासवर्ड फाइलमध्ये एका ओळीत एक खातं असतं. कोणी नावाच्या जागी ‘नाव, मग एंटर, मग नव्या खात्याची ओळ’ असं भरलं तर? प्रोग्रॅमने एंटर हे अक्षर अडवलं नाही, तर फाइलमध्ये एक आख्खं नवं खातं घुसवता येईल. ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०१५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने रेड हॅटच्या लिनक्समधल्या ‘युजरहेल्पर’ प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. एंटर अडवलाच जात नव्हता आणि दुसऱ्या एका चुकीला जोडून त्यातून साध्या युजरला थेट रूट होता येत होतं.

## २ नोव्हेंबर १९८८

या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते जगाने २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री बघितलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘मॉरिस वर्म’ इंटरनेटवर पसरला. किती मशीन सापडली याचा तेव्हाचा अंदाज सुमारे ६,००० होता.

त्याचा एक रस्ता फिंगरमधून जात होता. प्रश्न ऐकणाऱ्या फिंगर प्रोग्रॅमने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ अक्षरांची जागा ठेवली होती, पण मजकूर त्याहून लांब आहे का हे तपासलंच जात नव्हतं. वर्मने मुद्दाम लांब मजकूर पाठवला आणि त्यात आपले आदेश घुसवले. फिंगर ज्या अधिकाराने चालत होता, तो अधिकार वर्मला मिळाला. म्हणूनच असा प्रोग्रॅम नोबडीच्या नावाने चालवणं शहाणपणाचं.

दुसरा रस्ता पासवर्ड फाइलचा. हॅश सगळ्यांना वाचता येत होते. वर्म अंदाज करू लागला: लॉगिन नाव, तेच उलटं, खातेदाराचं पहिलं नाव, आडनाव आणि मग स्वतःसोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी. म्हणजे ‘हा माणूस कोण’ हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून ठेवलेलं नावच त्याचा पासवर्ड ओळखायला वापरलं गेलं!

या विद्यार्थ्याला १९९० मध्ये तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आणि १९७९ च्या त्या पासवर्ड निबंधाचे लेखक रॉबर्ट मॉरिस? ते त्याचे वडील.

## आता तुमचा फोन

‘माझ्या फोनवर तर मी एकटाच आहे, मला काय त्याचं?’ असं वाटत असेल, तर थांबा.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि त्यावर युजर म्हणजे तुम्ही नाही. प्रत्येक अ‍ॅप हा एक वेगळा युजर असतो. इन्स्टॉल होताना प्रत्येक अ‍ॅपला १०,००० च्या पुढचा एक क्रमांक मिळतो, स्वतःचं होम फोल्डर मिळतं आणि एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही. टर्मक्स हे अ‍ॅप टाकून त्यात ‘आयडी’ ही कमांड चालवलीत, तर ‘यू०_ए’ आणि पुढे आकडा असं युजरनाव दिसेल. ते तुमचं नाही, टर्मक्सचं आहे. तुमचा फोन म्हणजे अ‍ॅप्सची चाळ आहे आणि तुम्ही तिचे मालक.

मग जुन्या चुकाही इथे आल्या. एप्रिल २०११ मध्ये स्काइपच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये असं आढळलं की त्याने आपल्या फाइल सगळ्यांना वाचता येतील अशा परवानगीने ठेवल्या होत्या. नाव, जन्मतारीख, फोन नंबर, चॅट, सगळं त्याच फोनवरच्या दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपला वाचता येत होतं. स्काइपने काही दिवसांत अपडेट देऊन ते बंद केलं. पुढे अँड्रॉइड ७ साठी बनवलेल्या अ‍ॅप्सना अशी ‘सगळ्यांना वाचता येणारी’ फाइल बनवायलाच बंदी आली आणि त्यांचं होम फोल्डर ७०० झालं.

आता कॉन्टॅक्ट्स बघा. ते एका वेगळ्या सिस्टिम अ‍ॅपकडे असतात. तुम्ही एखाद्या अ‍ॅपला ‘कॉन्टॅक्ट्स अलाऊ’ केलंत की त्याला एखादा नंबर नाही, पूर्ण वही मिळते. हे झालं दार सताड उघडणं. पण दुसरी सोयही आहे. अ‍ॅप सिस्टिमला सांगतं, ‘एक नंबर हवाय’. सिस्टिम स्वतःची यादी उघडते, तुम्ही एक नाव निवडता आणि अ‍ॅपला तेवढंच मिळतं. फोटोंसाठी अँड्रॉइड १३ मध्ये असाच ‘फोटो पिकर’ आला. ओळखलंत ना याला? शॅडो फाइलचा तो छोटा मदतनीस! वही हातात न देता हवं तेवढंच सांगणारा.

## याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि किती ते आपल्याकडे झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी दाखवलं. काही अ‍ॅप्स कर्ज देताना कॉन्टॅक्ट्स आणि फोटोंची परवानगी घ्यायची. हप्ता चुकला की त्या यादीतल्या नातेवाइकांना, मित्रांना, ऑफिसातल्या लोकांना फोन आणि बदनामीचे मेसेज सुरू. कर्ज एकाचं, त्रास दोनशे जणांना. आणि त्या दोनशे जणांना कोणी परवानगी विचारलीच नव्हती.

२ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी फोनमधल्या फाइल, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावू नये. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलंच तर केवायसीसारख्या कामापुरतं एकदाच आणि तेही ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने. ३१ मे २०२३ पासून गुगल प्लेनेही वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो वाचायची बंदी घातली. तरी प्ले स्टोअरच्या बाहेरून, लिंकवरून टाकलेल्या अ‍ॅपला हा नियम अडवू शकत नाही.

इथे पासवर्ड फाइलचाच धडा परत लागू होतो. परवानगी मागे घेता येते, पण वाचून नेलेली माहिती मागे घेता येत नाही. कॉन्टॅक्ट्स एकदा दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेले की सेटिंगमध्ये ‘डोन्ट अलाऊ’ करून ते परत येत नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लास्ट सीन’? तिथे तुम्ही ‘नोबडी’ निवडलंत तर दुसऱ्या युजरना दिसत नाही आणि तुम्हालाही त्यांचं दिसत नाही. पण कंपनीच्या सर्व्हरला तुम्ही कधी ऑनलाइन होता हे माहीत असतंच. तिथला नोबडी म्हणजे युनिक्सचा दुबळा नोबडी नाही. दाखवणाऱ्याच्या हातातली चावी मोठीच आहे, त्याने फक्त पाटी उलटी केली आहे.

## मग करायचं काय?

अलाऊ करण्याआधी एक प्रश्न विचारा: या अ‍ॅपला एक गोष्ट हवी आहे की पूर्ण कपाट? मित्राला पैसे पाठवायला एक नंबर पुरतो, त्यासाठी पूर्ण वही लागत नाही. कॉन्टॅक्ट्स नाकारून बघा. नंबर हाताने टाकून काम होत असेल, तर ती परवानगी गरजेची नव्हती.

फोटो देताना ‘सगळे फोटो’ऐवजी ‘निवडक फोटो’ घ्या. आयफोनवर आयओएस १८ पासून कॉन्टॅक्ट्ससाठीही निवडक नावं देता येतात.

महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर उघडा. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतील. कॉन्टॅक्ट्स, एसएमएस, कॉल लॉग आणि फाइल्स या चार ठिकाणी कोणकोणती अ‍ॅप्स बसली आहेत बघा. ‘हे इथे कशाला?’ वाटलं की काढून टाका.

कर्ज देणारं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स किंवा फोटो मागत असेल, तर तिथेच थांबा. त्याने ते मागणंच नियमात बसत नाही. धमक्या सुरू झाल्या असतील तर घाबरून आणखी पैसे भरू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही करता येते.

घरातल्या मोठ्यांचे फोन आठवणीने तपासा. आई, आजोबा, मामी यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर, फोटो, घरचा पत्ता सगळं आहे. त्यांनी ‘अलाऊ’ दाबलं की तुमचीही माहिती जाते. तुमच्या फोनमध्येही त्या सगळ्यांचे नंबर आहेत, म्हणजे पुढच्या वेळी ‘अलाऊ’ दाबताना तुम्ही त्यांच्या वतीनेही हो म्हणत असता.